कळवू म्हणाले

चिंचाळवाडी नावाच्या एका गावात एक भोळा घंटावाला होता. नाव निवृत्ती. गावच्या शाळेत तो घंटा वाजवायचा. शाळा भरली की लांबलचक, सुट्टीला आखूड, सुटताना पुन्हा लांबलचक. हेडमास्तरांनी एकदा सांगितलं होतं, "निवृत्ती, काही झालं तरी घंटा चुकवायची नाही." तेव्हापासून तो तापातसुद्धा आला. बापाच्या तेराव्याला जेवणावळ अर्धी टाकून गेला आणि सुट्टीची घंटा देऊन परत पंगतीत येऊन बसला. सांगितलेलं करायचं, एवढंच त्याला येत होतं. ते मात्र त्याच्याइतकं पंचक्रोशीत कुणालाच येत नव्हतं.

मग पोरं कमी झाली म्हणून शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिळवली. पोरं चालत तिकडं जाऊ लागली. घंटा तालुक्याला जमा झाली. निवृत्ती तेवढा राहिला. त्याला कुठं जमा करायचं, हे कुणाच्याच कागदात नव्हतं.

नाव निवृत्ती आणि शोधतोय नोकरी, म्हणून गाव हसलं. त्याची बायको वैजयंता मात्र हसली नाही. ती पापड लाटून घर चालवत होती, पण लाटण्यानं किती ओढायचं? दसऱ्याला मुकादमाची गाडी येणार होती. गावातली बरीच घरं त्या गाडीत बसून ऊसतोडीला जायची, ती पार उन्हाळ्यात परतायची. जाताना भांडीकुंडी, शेळी आणि पोरंही न्यायची. निवृत्तीची मुक्ता चौथीत होती, वर्गात पहिली येत होती.

"अवो," वैजयंता म्हणाली, "दसऱ्याच्या आत कुठंतरी चिकटा. मी फडात कोयता चालवीन, त्याचं मला काही नाही. पण पोरीची शाळा सुटली तर मला घास जायचा नाही."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

तालुक्याला बसस्टँडसमोर किरणसरांचं दुकान होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज आणि पाटीवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत 'हमखास नोकरीचा रेझ्युमे बनवून मिळेल'. किरणसर निवृत्तीपेक्षा बरेच लहान. पण ज्याच्याकडं कॉम्प्युटर असतो त्याला आपल्याकडं सर म्हणतात. दोन पदव्या त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये लावल्या होत्या आणि रेझ्युमे कसा लिहावा यावर मोबाइलवर निघालेला प्रत्येक व्हिडिओ त्यांनी पाहिला होता.

"निवृत्तीभाऊ," किरणसर म्हणाले, "रेझ्युमे म्हणजे आपला आरसा. त्यात सगळं यायला पाहिजे. काही लपवायचं नाही. ही खूणगाठ बांधून ठेवा."

"बरं," निवृत्ती म्हणाला आणि खांद्यावरच्या गमछ्याला एक गाठ मारली.

घरी येऊन तो लिहायला बसला. मुक्ताची जुनी वही होती, ती भरली. दुसरी घेतली. पायाळू जन्मला ते लिहिलं. गोवर आला ते लिहिलं. पाचवीत दोनदा नापास झाला, त्यात एकदा शेजारच्याचं बघून लिहिलं होतं आणि तो शेजारचाही नापास झाला, हे लिहिलं. विहिरीत पडल्याचं लिहिलं. शेवटी 'इतर माहिती' म्हणून लिहिलं, 'बसलो की झोप लागते.'

हे बाड घेऊन तो कापसाच्या जिनिंगवर गेला. तिथं रात्रीचा राखणदार पाहिजे होता.

मॅनेजर वाचू लागले. जेवणाची वेळ टळली. चहा आला, निवला. मॅनेजरांनी डोळ्यांवरचा चष्मा वर केला.

"अहो, विहिरीतनं तुम्हाला काढलं कुणी?"

"ते दुसऱ्या वहीत हाय, साहेब."

मॅनेजरांनी दुसरी वही काढली. वाचता वाचता शेवटच्या ओळीवर आले. रात्रीची राखण आणि बसलो की झोप. त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. "कळवू."

निवृत्ती आनंदानं घरी आला. "कळवू म्हणाले," त्यानं सांगितलं आणि ओट्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. पोस्टमन दिसला की उभा राहायचा, तो पुढं गेला की बसायचा आणि बसला की झोपायचा. कळवू म्हणजे काय, हे वैजयंतेला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण त्याच्या तोंडाकडं बघून सांगायचा तिला धीर झाला नाही. ती लाटत राहिली.

अखेर तो किरणसरांकडं गेला. सरांनी वह्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला.

"निवृत्तीभाऊ! हे कुणी वाचायचं? साहेबलोकांना वेळ नसतो. एका पानात बसवायचं. ज्याचं काम नाही ते सरळ कापून टाकायचं. बांधा खूणगाठ."

"बरं." दुसरी गाठ बसली. "पण सर, ते कळवणार हायत."

"कळवू म्हणाले ना? मग आशा सोडायची नाही," सर म्हणाले. असं म्हणायला काही लागत नाही.

पुढं दूध संघात शिपायाची जागा निघाली. जाहिरातीत लिहिलं होतं, 'मूळ कागदपत्रांसह भेटा.' निवृत्तीनं ट्रंकेतून शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड काढलं. दोन्ही मिळून एका पानापेक्षा बरीच जास्त भरली. त्याला सरांचं बोलणं आठवलं. त्यानं कात्री घेतली.

दाखल्यात 'वर्तणूक चांगली' एवढं ठेवलं, बाकीचं कापलं. रेशनकार्डावर आपलं नाव ठेवलं. खाली वैजयंता आणि मुक्ता होत्या. त्या दोघींना कुठं नोकरी पाहिजे होती? कापल्या. उरलेले तुकडे एका कागदावर डकवले. बरोबर एक पान झालं.

दूध संघाच्या दारात मोठी रांग होती. निवृत्ती सरळ साहेबांच्या खोलीत शिरला, कारण त्याला साहेबांना भेटायला सांगितलं होतं, रांगेला नव्हे. दारावरच्या पहारेकऱ्यानं त्याची कॉलर धरली.

"रांग दिसंना व्हय? मालक असशील तुझ्या घरचा! कुठंबी रांग दिसली की शेवटाला जाऊन उभं राहायचं. आलं का ध्यानात?"

"बरं," निवृत्ती म्हणाला. गमछ्याला आणखी एक गाठ मारून तो शेवटाला उभा राहिला.

नंबर आला. साहेबांनी ते पान उलटसुलट केलं.

"हे रेशनकार्ड आहे?"

"व्हय. कामाचं तेवढं ठेवलंय."

"आणि बाकीचं कुटुंब?"

"ट्रंकेत हाय, साहेब."

साहेबांनी ते पान दोन बोटांत धरून परत दिलं. मग म्हणाले, "कळवू."

घरी वैजयंतेला ट्रंकेत आपल्या नावाची पट्टी सापडली. ती हातात धरून बाहेर आली.

"मला कापलंत?"

"तुला न्हाई. नावाला फक्त."

तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मग भाताची शितं लावून तिनं स्वतःला आणि पोरीला पुन्हा घरात चिकटवलं आणि कार्ड सपाट व्हावं म्हणून पाट्याखाली ठेवलं.

किरणसर ऐकून खुर्चीतून उठले. "अहो, मूळ कागदाला कात्री? मूळ कधी हातचं सोडायचंच नाही! मूळ आपल्या घरी ठेवायचं, त्यांना द्यायची प्रत. आणि प्रतीवर साहेबाचा सहीशिक्का पाहिजे, खरी प्रत असल्याचा. त्याशिवाय कुणी विचारत नाही. बांधा गाठ."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

आठवड्यानं पेट्रोल पंपावरून निरोप आला, निवृत्तीनं उद्या मुलाखतीला यावं. निवृत्ती विचारात पडला. जायचं तर खरं. पण मूळ हातचं सोडायचं नाही. मूळ घरी, प्रत त्यांना.

त्याला धाकटा भाऊ होता, सोपान. नाक तेच, कान तेच, उंची तीच. लोक हाक मारताना नेहमी चुकायचे. काम म्हणून त्यानं कधी कशाला हात लावला नव्हता. निवृत्तीनं त्याला धुऊन पुसून तयार केला आणि ग्रामसेवकाकडं नेला.

ग्रामसेवक खाली मान घालून शिक्के मारत होते. पुढ्यात येईल त्यावर मारायचं, अशी त्यांची पद्धत होती. निवृत्तीनं सोपानाचा हात पुढ्यात ठेवला. धप्प. मनगटावर निळा गोल शिक्का उठला, 'मूळ प्रतीवरून पडताळले.' वर सहीही झाली. मग कागद जरा गरम लागला म्हणून ग्रामसेवकांनी मान वर केली.

"हे काय?"

"प्रत हाय, भाऊसाहेब. मूळ मी."

भाऊसाहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "नाक तर तेच आहे," ते म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

सोपान पंपावर गेला. मालकानं विचारलं, "काय काय येतं?"

"काय बी येत न्हाई."

मालकानं सकाळपासून ज्यांना विचारलं, त्यांना सगळ्यांना सगळं येत होतं. हा पहिलाच खरं बोलणारा भेटला, वर हातावर सरकारी शिक्का. मालकानं त्याला तिथल्या तिथं ठेवून घेतला, राहायला पंपामागची खोली दिली. प्रत नोकरीला लागली. मूळ ओट्यावर बसून राहिलं.

"पंपवाले कळवतील," निवृत्ती म्हणाला.

वैजयंतेनं पोळपाट बाजूला सारला. दसरा जवळ आला होता. शेजारच्या घरी कोयत्यांना धार लागत होती. मुक्तानं आपलं दप्तर गाठोड्यात बांधून बघितलं आणि पुन्हा सोडलं. ते बघून वैजयंता उठली आणि स्वतः त्याच्याबरोबर किरणसरांकडं गेली.

"सर, ह्यांना नीट सांगा. ह्यांना सांगितलेलं कळतं, न सांगितलेलं कळत न्हाई. एवढा एकच दोष हाय."

"वहिनी, दोष म्हणू नका," सर म्हणाले. "इथंच आपण मागं पडतो. दोषाला गुण म्हणायचं आणि साध्याला मोठं. निवृत्तीभाऊ, आता स्वतः जायचं आणि भारदस्त बोलायचं. 'घंटा वाजवली' म्हणायचं नाही. 'वेळेचे नियोजन व ध्वनीद्वारे अंमलबजावणी' म्हणायचं. 'पाणी भरलं' नाही, 'जलव्यवस्थापन'. साधं बोलणाऱ्याला साधी नोकरीसुद्धा मिळत नाही. बांधा."

गाठ बसली. वैजयंतेला हे काही पटलं नाही, पण ती शिकलेल्या माणसापुढं काय बोलणार?

बबनशेठचं मंगल कार्यालय होतं. त्यांना देखरेखीला माणूस पाहिजे होता. निवृत्तीनं समोर उभं राहून वेळेचं नियोजन आणि जलव्यवस्थापन सांगितलं. बबनशेठ खूश झाले. आपल्याकडं असं बोलणारा माणूस असला की पाहुण्यांवर छाप पडते. "आज लग्न आहे," ते म्हणाले. "एक दिवस काम करून दाखवा. कुठं काही झालं की मला येऊन सांगायचं. जमलं तर उद्यापासून कायम."

निवृत्ती मांडवात फिरू लागला. अक्षता वाटल्या गेल्या. वाजंत्री लागली. मागं आचाऱ्याच्या शेडमध्ये तेलाची कढई भडकली आणि जाळ छपराला लागला. निवृत्तीनं तो नीट बघितला आणि शेठकडं आला. शेठ वरबापाला फेटा बांधत होते.

"शेठ, पाकविभागातील ऊर्जेत लक्षणीय वाढ झालेली आहे."

"वा! छान."

निवृत्ती पुन्हा बघून आला. "शेठ, सदर वाढ मांडवाच्या दिशेनं प्रगतिपथावर आहे."

"होऊ द्या, होऊ द्या. आपलंच कार्य आहे."

निवृत्ती आणखी एकदा बघून आला. "शेठ, प्रगतीची धग उपस्थित मान्यवरांपर्यंत पोहोचत आहे."

"मान्यवरांना आधी सरबत द्या," शेठ म्हणाले.

तेवढ्यात एक आचारी "आग! आग!" असं बोंबलत धावत आला. किती साधा बोलतो हा, निवृत्तीला वाटलं, ह्याला कोण नोकरी देणार?

माणसं सगळी सुखरूप निघाली. मांडव गेला, खुर्च्या गेल्या, जिलबी गेली. नवरा-नवरीला रस्त्यापलीकडच्या टायरच्या दुकानात उभं करून मंगलाष्टकं उरकली. बबनशेठ काळ्या तोंडानं आणि जळक्या फेट्यानं निवृत्तीपुढं उभे राहिले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं, पण धुरानं घसा बसला होता. त्यांनी हातानंच 'जा' असं केलं.

"कळवाल ना?" निवृत्तीनं विचारलं.

किरणसरांनी ही हकीकत उभ्यानंच ऐकली. मग बसले. मग पाणी प्याले.

"निवृत्तीभाऊ, तुमचे शब्दच नकोत. साधे नकोत, मोठेही नकोत. आता कंपन्यांत माणूस रेझ्युमे वाचतच नाही, मशीन वाचतं. जाहिरातीतले शब्द आपल्या कागदात आहेत का, एवढंच ते बघतं. म्हणून त्यांची जाहिरात घ्यायची, त्यांचेच शब्द जसेच्या तसे उतरवायचे, खाली आपलं नाव, गाव, फोन. आणि एका जागी देऊन भागत नाही. जितक्या जास्त लोकांच्या नजरेला पडेल तितकं चांगलं. बांधा शेवटची गाठ."

गमछ्याला आता जागा नव्हती. गाठीवर गाठ बसली.

त्याच दिवशी पेपरात एका मसाल्याच्या कारखान्याची जाहिरात आली होती. निवृत्तीनं ती मांडीवर घेतली आणि शब्दाला शब्द उतरवली. कुठं काना नाही चुकला, कुठं मात्रा नाही. एकच गोष्ट बदलली. खाली कारखान्याचं नाव, पत्ता आणि फोन होता, तिथं आपलं घातलं. सरांनी सांगितलंच होतं. कागद झाला तो असा:

'त्वरित पाहिजे. शिपाई, एक जागा. कायमस्वरूपी. शिक्षणाची अट नाही. राहण्याची सोय. कागदपत्रांसह समक्ष भेटा. निवृत्ती मारुती डोंगरे, चिंचाळवाडी.' त्याखाली फोन.

किरणसर त्या वेळी दुसऱ्याच्या रेझ्युमेत गुंतले होते. त्यांनी न वाचताच गठ्ठाभर झेरॉक्स काढून दिल्या, कारण झेरॉक्स काढणं हे एक काम आणि वाचणं हे वेगळं. निवृत्तीनं त्या बसस्टँडवर लावल्या, कॉलेजच्या फाटकावर लावल्या, बँकेत, दवाखान्यात, चहाच्या टपऱ्यांवर, दोन देवळांत आणि एका उभ्या ट्रॅक्टरला लावल्या. ट्रॅक्टर नंतर दुसऱ्या तालुक्यात गेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वैजयंता सडा टाकायला बाहेर आली तर अंगणात माणसं.

अंगण भरलं होतं. बोळ भरला होता. पार मारुतीच्या पारापर्यंत माणसं होती. इस्त्रीचे शर्ट, काखेत फायली. कुणी बी.ए., कुणी बी.कॉम., कुणी डी.एड., दोन इंजिनियर, एक एम.ए. होऊन पुन्हा एम.ए. झालेला. जागा एक, शिपायाची, आणि शिक्षणाची अट नाही म्हटल्यावर सगळे शिकलेले आले होते.

"साहेब उठले का?" एकानं अदबीनं विचारलं.

"कोण साहेब?"

"निवृत्ती डोंगरे साहेब."

वैजयंतेनं हातातली सड्याची बादली खाली ठेवली. तिनं त्या माणसाच्या हातातला कागद वाचला. अक्षर नवऱ्याचं होतं. तिला सगळं कळलं. तोवर मागची माणसं पुढं रेटू लागली, तुळशीवृंदावन हललं, पापडांच्या वाळवणावर कुणाचा तरी बूट पडला.

"अवो!" ती ओरडली. "वाजवा!"

आत निवृत्ती दात घासत होता. वाजवायला सांगितलं की काय करायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं पितळी परात उचलली, पळी घेतली आणि शाळा भरल्याची घंटा दिली. लांबलचक.

आणि नवल झालं. शाळेत काय शिकलो हे त्यातल्या कितीतरी जणांना आठवत नसेल, पण घंटा ऐकल्यावर काय करायचं हे हाडात होतं. गलका थांबला. सगळे एकामागं एक उभे राहिले, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घेतलं आणि हात खाली केले. दोन इंजिनियर उंचीप्रमाणे उभे राहिले.

निवृत्ती परात ठेवून बाहेर आला. बघतो तर रांग. त्याचा हात गमछ्याकडं गेला, पहारेकऱ्याची गाठ बोटाला लागली. कुठंही रांग दिसली की शेवटाला. काखेत आपला कागद घेऊन तो चालू लागला, बोळातून, पारावरून, अगदी वेशीपर्यंत, आणि शेवटाला जाऊन उभा राहिला.

इकडं वैजयंता पोळपाट पुढ्यात घेऊन उंबऱ्यावर बसली. एवढ्या लांबून आलेल्यांना हाकलून कसं द्यायचं? निदान पाणी द्यावं, दोन शब्द विचारावेत. पोरांच्या तोंडाकडं बघून जागा खोटी आहे असं सांगवेना. ती प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारू लागली, नाव काय आणि येतं काय. कागद पोळपाटाच्या डाव्या-उजव्या बाजूला लावू लागली. शेवटी काय म्हणायचं हे तिला गेल्या काही महिन्यांत पाठ झालं होतं.

"बरं, बाळा. कळवू."

एक जण आला, तोंडाला रुमाल बांधलेला. "नाव?" रुमाल जरा खाली आला. किरणसर होते.

"सर? तुम्ही?"

"जागा भरायचीय असं निवृत्तीसाहेबांनी कधी बोलून दाखवलं नाही, वहिनी," सर हळूच म्हणाले. "कायमस्वरूपी आहे ना हो? दुकानाचं काही खरं नसतं."

"काय येतं?"

"रेझ्युमे लिहिता येतो."

"आणखी?"

सरांनी फायलीतून दोन्ही पदव्यांच्या झेरॉक्स काढून पुढं केल्या. वैजयंतेला त्यांची कीव आली, खरंच आली. आपण ह्यांच्यापुढं गप्प बसलो होतो, तेही तिला आठवलं.

"कळवू, सर," ती म्हणाली.

दुपारी उद्या कोण कोण येणार ते मोजायला मुकादमाची गाडी आली. एवढी माणसं बघून मुकादमाला दसरा आजच वाटला. "वहिनी, ही सगळी भरू का गाडीत?"

"त्यांना विचारा."

मुकादम रांगेजवळ गेला. पहिल्यानं विचारलं, अपॉइंटमेंट लेटर मिळेल का? दुसऱ्यानं विचारलं, शनिवार-रविवार सुट्टी असते का? तिसऱ्यानं विचारलं, कोयत्यासाठी कुठला कोर्स करावा लागतो? मुकादम परत आला. "तुम्ही तरी येताय का उद्या?"

वैजयंता उत्तर देणार तोच गाडीमागं एक जीप थांबली. मसाल्याच्या कारखान्याचे मालक उतरले. त्यांच्या फाटकावर सकाळपासून कुत्रं फिरकलं नव्हतं. आपले उमेदवार गेले कुठं, हे शोधत ते इथवर आले होते. भांडायलाच आले होते. पण ती सरळ रांग बघून त्यांचा राग जिरला. पोळपाटाच्या दोन्ही बाजूंचे गठ्ठे त्यांनी चाळले. डावीकडं ज्यांना कारखान्यातलं काही ना काही काम येत होतं ते, उजवीकडं ज्यांना फक्त बोलता येत होतं ते. उजवीकडचा गठ्ठा फार मोठा होता.

"बाई, माणसं पारखायला मी शिकलेली माणसं ठेवली आहेत. त्यांना हे दोन गठ्ठे करता आले नाहीत," मालक म्हणाले. "उद्यापासून कारखान्यात या. हेच काम. आणि त्या शिपायाला आता तुम्हीच निवडा. तुमचा शब्द शेवटचा."

वैजयंतेनं पदर डोळ्यांना लावला. मग मुकादमाकडं वळली. "आम्ही येत न्हाई," ती म्हणाली. गाडी हॉर्न देत निघून गेली. मुक्तानं गाठोडं सोडून दप्तर खुंटीला लावलं. शिपाई कोण, हे वैजयंतेनं मनात केव्हाच ठरवलं होतं. एवढी रांग संपली की त्यांना हाक मारू, असं म्हणून ती पुन्हा कामाला बसली.

रांग काही लवकर संपेना. ऊन उतरलं. वैजयंतेचा घसा बसला, मान अवघडली. मान खाली घालूनच ती विचारू लागली. नाव, येतं काय, कळवू. नाव, येतं काय, कळवू.

सगळ्यांत शेवटचा माणूस उंबऱ्यापुढं आला. त्यानं कागद पोळपाटावर ठेवला.

"नाव?"

"निवृत्ती मारुती डोंगरे."

"काय येतं?"

"सांगितलेलं करता येतं."

"बरं," वैजयंता म्हणाली. "कळवू."

तिनं पुढच्या कागदासाठी हात केला. पुढं कुणी नव्हतं. तेव्हा तिनं मान वर केली, पण निवृत्ती ओट्यावर जाऊन बसलाही होता. ती हसली, हसता हसता तिचे डोळे भरले. "अवो, या आत! जागा तुमचीच हाय!" बसलेल्या घशातून आवाज काही उंबऱ्याबाहेर गेला नाही.

तिनं चूल पेटवली, भाकरी टाकल्या, ताटं वाढली आणि मुक्ताला पाठवलं.

"बाबा, आई जेवायला बोलवतीय. आणि म्हनती, आत या, काहीतरी सांगायचंय."

"तू जा, जेव," निवृत्ती वाटेकडं डोळे लावून म्हणाला. "मला हलता येत न्हाई. तुझी आई पत्रानं कळवणार हाय."